अलॉय चाकांच्या सेंटर कॅप न मोडता कशा काढाव्यात?

रत्नांग्रीकर (प्रश्नकर्ता)

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे २०१५ सालची फोक्सवॅगन पोलो आहे. गाडी बारा महिने रत्नागिरीत, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आणि उघड्यावर उभी असते. त्यामुळे मूळच्या अलॉय चाकांवरचा रंग कडेकडेने फुगला आहे आणि त्याखाली पांढरी भुकटी धरू लागली आहे. चारही चाकांना पावडर कोटिंग (रंगाची भुकटी फवारून भट्टीत शिजवणे) करून घ्यायचे ठरवले आहे. कोटिंग करणाऱ्यांनी बजावले आहे की टायर, वॉल्व्ह आणि सेंटर कॅप, म्हणजे चाकाचे मधले भोक झाकणाऱ्या प्लॅस्टिकच्या तबकड्या, काढलेली मोकळी चाकेच आणावीत. कॅप काढताना मोडली तर ते जबाबदारी घेणार नाहीत. टायर आणि वॉल्व्ह टायरवाले काढून देतील. प्रश्न उरतो तो कॅपचा.

मागे एकदा बॅलन्सिंगच्या वेळी एका दुकानातल्या मुलाने सपाट स्क्रूड्रायव्हर घालून एक कॅप उचकटली होती. कॅप निघाली खरी, पण तिच्या मागची दोन लॉक मोडली आणि चाकाच्या काठावर ओरखडा राहिला. पुढे ती कॅप एखाद्या खड्ड्यात निखळून गेली असावी, कारण घरी आल्यावर ती जागेवर नव्हती. उरलेल्या तीन कॅप मूळच्या आहेत आणि त्या मला शाबूत हव्या आहेत.

कॅपची कडा चाकाच्या पृष्ठभागाशी इतकी एकसारखी बसली आहे की नख शिरत नाही. कडेला कुठेही खाच दिसत नाही आणि हाताने फिरवून पाहिले तर कॅप जागची हलत नाही. गाडी मी दुसऱ्या मालकाकडून घेतलेली असल्यामुळे तिच्यासोबत हत्यारांच्या पिशवीत येणारा तारेचा आकडा माझ्याकडे नाही. कॅप समोरून ओढून काढावी की मागून ढकलावी? गरम पाणी किंवा डब्ल्यूडी-४० (गंज सोडवणारा तेलकट फवारा) वापरल्याने प्लॅस्टिकला इजा होईल का? आणि हरवलेल्या चौथ्या कॅपची जोडी जुळवताना नेमके काय पाहावे? अनुभवी सभासदांनी कृपया मार्गदर्शन करावे.

---

फिटर अण्णा

नमस्कार.

मागून ढकलावी. चाके तशीही गाडीवरून उतरवायचीच आहेत, तेव्हा कॅपला समोरून हात लावण्याचे काही कारणच उरत नाही. समोरून उचकटण्याची वेळ फक्त चाक गाडीवर ठेवूनच काम करायचे असेल तेव्हा येते.

कारण समजण्यासाठी कॅपची मागची बाजू डोळ्यांसमोर आणावी लागेल. तबकडीच्या मागे प्लॅस्टिकच्या पाकळ्या गोलाकार उभ्या असतात आणि प्रत्येक पाकळीच्या टोकाला बाहेरच्या बाजूला एक छोटे नाक असते, जे चाकाच्या मधल्या भोकातील कंगोऱ्यामागे जाऊन अडकते. पाकळ्यांच्या आतल्या बाजूला स्प्रिंगच्या तारेची एक कडी बसवलेली असते. ती पाकळ्यांना सतत बाहेर दाबत राहते, म्हणून खड्ड्यांच्या रस्त्यावरही कॅप सुटत नाही. मागून मधोमध सरळ दाब दिला की सगळ्या पाकळ्या एकाच वेळी थोड्याथोड्या आत वाकतात आणि कॅप सरळ बाहेर येते. समोरून एका कडेला स्क्रूड्रायव्हर घातला की त्या बाजूच्या एक-दोन पाकळ्या सुटतात, कॅप तिरकी होते, आणि समोरच्या बाजूच्या पाकळ्या कंगोऱ्यात अडकलेल्या असतानाच मुळापाशी पिळल्या जातात. आपल्या त्या पहिल्या कॅपचे बहुधा हेच झाले असावे. तसे असेल तर मोडलेली लॉक स्क्रूड्रायव्हरच्या बाजूची नसून विरुद्ध बाजूची असतील.

आता कृती सांगतो. गाडी सपाट, टणक जागेवर उभी करून हँडब्रेक ओढावा, पहिला गिअर टाकावा आणि जे चाक काढायचे त्याच्या तिरक्या विरुद्ध चाकाला पुढून-मागून दगड लावावेत. पोलोच्या बोल्टवर प्लॅस्टिकच्या टोप्या असतील तर त्या आधी चिमट्याने सरळ ओढून काढाव्यात. त्याही वाकड्या ओढल्या की फुटतात. बोल्टला सतरा नंबरचा पाना लागतो. चाक जमिनीवर असतानाच प्रत्येक बोल्ट पाव ते अर्धा फेरा सैल करावा आणि मगच जॅक लावावा. या गाडीच्या हबला, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या भागाला, कायमचे बसवलेले स्टड नसतात, सुटे बोल्ट असतात. त्यामुळे शेवटचा बोल्ट निघाला की चाक घसरून पायावर येऊ शकते, म्हणून वरचा बोल्ट शेवटी काढावा आणि तो काढताना चाकाला गुडघ्याचा टेकू द्यावा.

चाक निघाल्यावर ते भिंतीला टेकवून उभे करावे. मागच्या भोकातून बॅटरीच्या उजेडात पाकळ्या आणि तारेची कडी दोन्ही दिसतात. आता दाब कशाने द्यायचा हे महत्त्वाचे. हातोडीचा दांडा किंवा टॉमी (लोखंडी दांडा) मधोमध टेकवून ठोकली तर तबकडीचा मधला पातळ भाग फुगतो आणि वरचे चिन्ह सुटून येते. त्याऐवजी पीव्हीसी पाइपचा वीतभर लांब तुकडा घ्यावा, ज्याचा बाहेरचा व्यास पाकळ्यांच्या आतल्या वर्तुळापेक्षा जरा कमी असेल. आपल्या कॅपला ४० मिलिमीटरचा पाइप चालून जाईल असे वाटते, पण आधी मोजून पाहा, कारण पाइप तारेच्या कडीच्याही आतून गेला पाहिजे. पाइपची कापलेली कड कानशीने साफ करून घ्यावी. त्यामुळे दाब तबकडीच्या कडेजवळ, गोल आणि सारखा पडतो. एका हाताने पाइप दाबावा आणि दुसरा हात समोर कॅपवर ठेवावा, नाहीतर ती उडून फरशीवर पडेल. नुसत्या हाताने निघाली नाही तर पाइपच्या मागच्या टोकावर लाकडी हातोडीने हलके ठोके द्यावेत आणि दर दोन-तीन ठोक्यांनंतर पाइप थोडा फिरवून घ्यावा.

तरीही हलली नाही तर जोर वाढवू नये. मागून लांब चोचीच्या पक्कडीने एकेक पाकळी जरा आत दाबून ती कंगोऱ्यातून मोकळी होते का ते पाहावे. किनाऱ्यावरच्या गाड्यांमध्ये अडथळा बहुतेकदा लॉकचा नसतो, तर ॲल्युमिनिअमच्या क्षाराचा असतो.

---

घाटवाट

अण्णांची रीत बरोबर आहे, पण इतका खटाटोप प्रत्येकाने करावा असे मला वाटत नाही. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला सुती कापड गुंडाळावे, चाकाच्या काठाला रंगाऱ्यांची कागदी चिकटपट्टी लावावी आणि हळूहळू चारही बाजूंनी थोडेथोडे उचकटत जावे. गॅरेजमध्ये वर्षानुवर्षे असेच चालते आणि बहुतेक कॅप नीट निघतात.

---

साचेकार

मी प्लॅस्टिकचे सुटे भाग बनवणाऱ्या उद्योगात काम करतो, म्हणून घाटवाट यांच्या सूचनेबद्दल थोडे लिहितो. चारही बाजूंनी थोडेथोडे उचकटणे हे तत्त्व म्हणून योग्यच आहे. अडचण कापड गुंडाळण्यात आहे. कापडामुळे ओरखडा टळेल, पण टोकाची जाडी वाढेल, आणि जिथे नखही शिरत नाही तिथे ते जाड टोक शिरवण्यासाठी आपण नकळत कॅपची कड चेपू. समोरूनच काढायची असेल तर नायलॉनची पातळ, पाचरीसारखी पट्टी वापरावी. दाराच्या आतले पॅनेल उघडण्यासाठी ॲक्सेसरीवाले जी वापरतात, तीच. तिने चाकाच्या रंगाला ओरखडा पडण्याची शक्यता स्क्रूड्रायव्हरपेक्षा कमी असते. एका जागी पट्टी शिरली की ती तशीच ठेवून दुसरी पट्टी समोरच्या बाजूला घालावी आणि दोन्ही एकदम उचलाव्यात. म्हणजे अण्णांनी सांगितलेला पीळ बराच कमी होतो.

गरम पाणी आणि डब्ल्यूडी-४० या दोन्हींविषयी सांगतो. अशा कॅप बहुधा एबीएस नावाच्या टणक प्लॅस्टिकच्या किंवा त्याच्या मिश्रणाच्या असतात. काही नायलॉनच्याही असतात. कॅप निघाल्यावर मागे कोरलेली खूण पाहिली तर साहित्य नेमके कळते. एबीएस साधारण १०५ अंश सेल्सिअसला मऊ पडते आणि त्याच्या बरेच आधी दाबाखाली आकार सोडू लागते. बोट सहन करू शकेल इतके गरम पाणी किंवा केस वाळवण्याचे यंत्र यांनी काही बिघडत नाही; उलट वय झालेल्या पाकळ्या किंचित लवचीक होतात आणि मोडण्याची शक्यता घटते. उकळते पाणी टाळावे. हीट गन तर अजिबात वापरू नये, कारण तिची हवा काही शे अंशांपर्यंत तापलेली असते. तिने क्रोमचा मुलामा आधी फुगतो आणि मागोमाग तबकडीही वाकडी होते. थंडीच्या दिवसांत हे काम पहाटे करण्याऐवजी गाडी दोन तास उन्हात ठेवून करावे. तेवढ्यानेही फरक पडतो.

डब्ल्यूडी-४० थोडक्यात आणि मागच्या बाजूने मारावे, पंधरा-वीस मिनिटे मुरू द्यावे आणि काम झाल्यावर साबणाच्या पाण्याने धुऊन टाकावे. चाक गाडीवर असताना समोरून मारले तर ते भोकातून आत ओघळून ब्रेकच्या डिस्कवर जाऊ शकते, हा धोका लक्षात ठेवावा. पेट्रोल, थिनर आणि नेलपॉलिश काढण्याचे द्रव मात्र या कामात निषिद्ध समजावेत. थिनर आणि नेलपॉलिशच्या द्रवातले ॲसिटोन एबीएस विरघळवतात. पेट्रोल लगेच काही करताना दिसत नाही, पण ताणाखाली असलेल्या पाकळ्यांना त्याने बारीक तडे जातात. तारेच्या कडीमुळे या पाकळ्या कायमच ताणाखाली असतात. गॅरेजमध्ये पेट्रोलचा बोळा फिरवून चकचकीत केलेली कॅप काही दिवसांनी आपोआप का सुटली, याचे कोडे पुष्कळांना पडते, ते यामुळे.

---

चाकोरी

एक वेगळी बाजू मांडतो. चाक काढता येत नाही अशीही वेळ येते. पुढच्या चाकाच्या बेअरिंगचे किंवा ड्राइव्हशाफ्टचे काम असेल तर अनेक गाड्यांमध्ये मधला मोठा नट चाक जमिनीवर असतानाच सैल करावा लागतो, आणि त्यासाठी आधी कॅप काढावी लागते. अशा वेळी समोरून उचकटण्यापेक्षा ओढणे बरे.

कॅप सपाट आणि गुळगुळीत असेल तर गाडीचे पोचे काढण्याचा रबरी शोषक, म्हणजे सक्शन कप, कॅपच्या मापाचा घेऊन तो पाण्याचे बोट लावून चिकटवावा आणि सरळ ओढावा. उठावदार चिन्ह असेल तर हवा शिरते आणि शोषक धरत नाही. मग ग्लू गनचा गरम गोंद उपयोगी पडतो. चिन्हावर नव्हे, तर त्याभोवतीच्या कडेवर तीन-चार ठिकाणी गोंद टाकून त्यावर लाकडाचा लहान ठोकळा बसवायचा, गोंद पूर्ण थंड होऊ द्यायचा आणि ठोकळा धरून किंचित हलवत सरळ ओढायचा. काम झाल्यावर गोंदाच्या कडेने आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब सोडले की गोंद पकड सोडतो आणि पापुद्र्यासारखा निघून येतो. चिन्ह पातळ धातूच्या चकतीचे असेल तर गोंदाने ती चकतीच हातात येईल, हे आधीच सांगून ठेवतो. बाजारातल्या स्वस्त कॅपवर बहुधा अशीच चिकटवलेली चकती असते.

रत्नांग्रीकर यांनी उल्लेखलेला तारेचा आकडा नव्याने मिळवण्याची फारशी गरज नाही. सायकलच्या चाकाची जाड तार टोकाला काटकोनात वाकवून तसाच आकडा घरी होतो. मात्र तो अडकवण्यासाठी कॅपला भोक किंवा खाच लागते, आणि त्यांच्या वर्णनावरून त्यांच्या कॅपला ती नाही. भोके असलेल्या कॅपवर मात्र हा उपाय सर्वांत सोपा आहे.

---

रत्नांग्रीकर (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. अण्णांच्या सांगण्याप्रमाणे आज सुरुवात केली. उजव्या बाजूचे पुढचे चाक सहज निघाले, आणि पीव्हीसीच्या तुकड्याने कॅपही हाताच्या जोरावर सरळ बाहेर आली. पाकळ्या शाबूत आहेत, कडी मात्र गंजून तपकिरी झाली आहे.

मागच्या डाव्या चाकाने अडवले आहे. सगळे बोल्ट काढले तरी चाक हबला घट्ट चिकटलेले आहे. लाथ मारूनही सुटत नाही. शिवाय त्या चाकावरच्या कॅपभोवती पांढऱ्या क्षाराची रेघ दिसते. चाक सुटेपर्यंत कॅपचा विचारच करता येत नाही. काय करावे?

---

फिटर अण्णा

गाडी नुसत्या जॅकवर असताना लाथा मारू नका, ही पहिली विनंती. जॅक घसरला तर गाडी थेट डिस्कवर किंवा ड्रमवर बसते, आणि आपला पाय मध्ये असेल तर त्यापुढचे बोलायला नको.

हब लोखंडी, चाक ॲल्युमिनिअमचे आणि मध्ये खारट ओल. एवढे असले की दोन धातूंच्या सांध्यात गंज वाढून चाक जागीच जखडते. मधल्या भोकाचा व्यास ५७.१ मिलिमीटर असून हबच्या उंचवट्यावर तो जेमतेम बसतो, त्यामुळे केसाएवढा गंजही पुरेसा होतो. सगळे बोल्ट परत हाताने लावा आणि प्रत्येक पूर्ण आवळण्याऐवजी एक-दीड फेरा मागे ठेवा. गाडी जॅकवरून खाली घ्या आणि मोकळ्या, सपाट जागेत हातभर पुढे आणि हातभर मागे घेऊन ब्रेक दाबा. गाडीच्या स्वतःच्या वजनाने पकड सुटते आणि तडकल्यासारखा आवाज येतो. त्यानंतर पुढे चालवू नका. तिथेच पुन्हा जॅक लावून चाक उतरवा.

चाक उतरल्यावर क्षाराची रेघ असलेल्या कॅपची घाई करू नका. मागून पाकळ्यांच्या मुळाशी डब्ल्यूडी-४० मारून चाक समोरचा भाग खाली करून ठेवा, म्हणजे द्रव सांध्यातच मुरेल. खाली घोंगडी आणि त्यावर दोन लाकडी पट्ट्या ठेवाव्यात, कॅपच्या जागी मोकळे राहील अशा बेताने. अर्ध्या तासाने उलटे करून कोमट पाणी ओता आणि मग पाइप लावा. समोरच्या बाजूने जुना दातांचा ब्रश रेघेवरून फिरवला तर बरीचशी भुकटी निघून जाते. तारेचा ब्रश वापरू नका.

परत बसवण्याच्या वेळी हबच्या उंचवट्यावर अगदी पातळ ग्रीसचे बोट फिरवावे, म्हणजे पुढच्या वेळी हा प्रसंग येत नाही. ते ग्रीस बोल्टच्या आट्यांना आणि बोल्ट टेकतो त्या खोलगट बैठकीला लागू देऊ नये. तिथे वंगण गेले की त्याच जोरात बोल्ट प्रमाणाबाहेर ताणला जातो.

---

माळरान

या धाग्यात माझाही प्रश्न विचारतो. माझ्या गाडीला लोखंडी चाके आहेत आणि त्यांवर पूर्ण चाक झाकणारी प्लॅस्टिकची व्हील कव्हर आहेत. घरातल्या दुसऱ्या, फोर-व्हील ड्राइव्ह गाडीला बाहेरून बसवलेली मोठी अलॉय असून त्यांच्या कॅप उंच डब्यासारख्या आहेत. या दोन्हींना वरील पद्धत लागू पडेल का?

---

चाकोरी

पूर्ण कव्हरला लागू पडत नाही. कव्हर चाकाच्या बाहेरच्या घेरात मोठ्या तारेच्या कडीने अडकलेले असते, म्हणून ते घेराजवळ दोन्ही हातांची बोटे आत घालून सरळ आपल्याकडे ओढावे. सुरुवात वॉल्व्हजवळून करावी, कारण तिथे कव्हरला खाच असल्याने पकड मिळते. परत बसवताना ती खाच वॉल्व्हसमोरच आली पाहिजे. मात्र ओढण्यापूर्वी नीट पाहून घ्यावे. काही कव्हर आणि काही छोट्या सेंटर कॅप चाकाच्या नटांखाली दाबलेल्या असतात. नटांची डोकी कव्हरच्या भोकांतून बाहेर येऊन त्यावर टेकलेली दिसली, तर कितीही ओढले तरी कव्हर फाटेल, निघणार नाही. तिथे नट काढल्यावर कव्हर आपोआप हातात येते.

बाहेरून घेतलेल्या मोठ्या अलॉयच्या बाबतीत तर मी म्हणेन की मागची बाजू पाहिल्याशिवाय काहीच करू नये. उंच डब्यासारख्या कॅप असतात त्या हबचा पुढे आलेला भाग झाकण्यासाठी. त्यांतल्या काही चाकाच्या मागून पुढे सरकवून बसवलेल्या असतात आणि त्यांची रुंद कड आतल्या बाजूला राहते. अशी कॅप समोरून ओढणे किंवा मागून ढकलणे हे दोन्ही उलट्या दिशेचे काम झाले. चाक उतरवून ती समोरून मागे दाबली की सहज निघते. आणखी काही कॅप बारीक ॲलन स्क्रूंनी बसवलेल्या असतात. ते स्क्रू चिखलाने भरून गेले की दिसत नाहीत. टोकदार काडीने भोके साफ करून पाहावीत, आणि ॲलन की पूर्ण खोलवर बसल्याशिवाय फिरवू नये, कारण हे स्क्रू इतके लहान असतात की त्यांचे डोके एका झटक्यात गोल होते.

कॅप निघाल्यावर मागे दुसरी एखादी लोखंडी टोपी दिसली तर तिला हात लावू नये. ती बेअरिंगच्या ग्रीसची टोपी असते. तिचा या कामाशी संबंध नाही आणि ती चेपली तर बेअरिंगमध्ये पाणी जाते.

---

साचेकार

रत्नांग्रीकर यांनी चौथ्या कॅपच्या जोडीविषयी विचारले होते आणि ते मागे पडले. आता हातात एक मूळ कॅप आहे, तेव्हा तिच्या मागे कोरलेला भाग क्रमांक उतरवून घ्यावा आणि शक्य झाल्यास त्यावरूनच मागवावी. क्रमांक घासून गेला असेल तर व्हर्निअरने (बारीक माप घेण्याच्या सरकत्या पट्टीने) दोन मापे घ्यावीत: तबकडीचा बाहेरचा व्यास आणि पाकळ्यांच्या नाकांवरचा व्यास. या चाकांवर बाहेरचे माप साधारण ५६ मिलिमीटरच्या घरात भरते. दुकानदार बहुधा फक्त हेच माप विचारतो, पण कॅप धरून ठेवते ते दुसरे माप. बाहेरून हुबेहूब दिसणारी कॅप आतून एक मिलिमीटरने लहान असेल तर ती बसते आणि पहिल्याच खराब रस्त्यावर उडते. मोठी असेल तर ठोकून बसवावी लागते आणि पाकळ्या जातात. पुण्यात नाना पेठेत आणि मुंबईत कुर्ल्याला सुट्या भागांच्या दुकानांत जुन्या चाकांवरून काढलेल्या मूळ कॅपही मिळतात. सोबत आपली कॅप नेऊन शेजारी ठेवून पाहणे उत्तम. तारेची कडी आहे ना, हे पैसे देण्यापूर्वी पाहावे. कडीशिवायची कॅप खणखणीत नवी असली तरी उपयोगाची नाही.

गंजलेल्या कडीची काळजी करू नये. वरवरचा गंज बारीक पॉलिश पेपरने काढून त्यावर सिलिकॉन ग्रीसचे बोट फिरवावे. कडी कुठे तुटली असेल किंवा तिचा ताण गेला असेल तर मात्र बदलावी.

पाकळी मोडली तर चिकटवावी का, असे पुढेमागे कोणी विचारेलच. पाकळी ही वाकण्यासाठीच असते आणि झटपट गोंदाचा सांधा वाकणे सोसत नाही. तो पुढच्याच वेळी तुटतो. एबीएसचा चुरा ॲसिटोनमध्ये विरघळवून केलेल्या लगद्याने सांधा पक्का होतो, पण तोही मुळापाशी फार टिकेल अशी खात्री देता येत नाही, आणि नायलॉनवर तर तो धरतच नाही. एखादीच पाकळी गेली असेल आणि बाकीच्या शाबूत असतील तर कडी नीट बसवून कॅप तशीच वापरावी. दोन शेजारच्या गेल्या असतील तर कॅप लावताना कडेला आतून सिलिकॉन सीलंटचे दोन-तीन बारीक ठिपके द्यावेत. ते पुढच्या वेळी ओढले की निघतात. एम-सील किंवा तत्सम काही भरू नये, नाहीतर पुढच्या वेळी कॅप तोडूनच काढावी लागेल.

---

भट्टीवाला

मी पावडर कोटिंगच्या व्यवसायात आहे, म्हणून या धाग्यातील राहिलेला भाग लिहितो. कॅप काढूनच चाक का मागतात, तर पावडर भट्टीत साधारण १८० ते २०० अंशांना शिजते आणि त्या तापमानात प्लॅस्टिकच्या कॅपचे पाणी होऊन ते चाकाच्या भोकात थिजते. हे सर्वांना पटकन पटते. ज्याकडे दुर्लक्ष होते ते असे की कॅप काढताना वाचवली तरी ती परत बसवताना मोडण्याची शक्यता अधिक असते.

पावडरचा थर साधारण ६० ते १०० मायक्रॉनचा येतो. खाली प्रायमर आणि वर क्लिअर (पारदर्शक थर) घेतले तर तो दुप्पट-तिप्पट होतो. भोकाच्या आतल्या बाजूला हा थर सगळीकडून आल्यामुळे व्यास त्याच्या दुपटीने कमी होतो, आणि कंगोऱ्याच्या खाचेत पावडर साठून गोळा झाली तर नाके अडकायला जागाच राहत नाही. मग गाडीमालक तळहाताने कॅपवर जोरात मारतो आणि पाकळी जाते. म्हणून चाके देताना स्पष्ट सांगावे की कॅपच्या भोकाची आतली बाजू, बोल्टच्या बैठका आणि हबला टेकणारी मागची सपाट बाजू या तिन्ही ठिकाणी मास्किंग करावे, म्हणजे पावडर बसू नये म्हणून त्या जागा झाकाव्यात. बोल्टच्या बैठकीवरचा थर तर सुरक्षेचाच प्रश्न आहे. बोल्ट आवळल्यावर तो थर चेपत जातो आणि काही किलोमीटरनंतर बोल्ट सैल पडलेले आढळतात.

ही सूचना तोंडी देण्याऐवजी पावतीवर लिहून घ्यावी. आमच्याकडे एका वेळी पुष्कळ चाके असतात, आणि हाताखालचा मुलगा जे लिहिले आहे तेच पाहतो. जुना रंग काढताना वाळूचा मारा करतात, त्यातही भोकाचा कंगोरा झिजू नये म्हणून आधी रबरी बूच घालायला सांगावे. कंगोरा गोल झाला की कोणतीच कॅप त्यात नीट धरत नाही.

चाक परत आल्यावर ते गाडीला लावण्याआधी, टायर चढवण्याच्याही आधी, एक कॅप हाताने बसवून मागून काढून पाहावी. घट्ट वाटली तर खाचेतली पावडर लाकडी काडीने किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून काढावी, कानस लावू नये. बॅलन्सिंग होईपर्यंत कॅप चाकाला लावूच नयेत, कारण बॅलन्सिंगच्या यंत्राचा शंकू त्याच भोकात बसतो आणि दुकानातला माणूस कॅप पुन्हा त्याच्या पद्धतीने काढेल. कॅप खिशात ठेवून न्याव्यात आणि घरी आल्यावर तळहाताने सर्व बाजूंनी सारखा दाब देत बसवाव्यात. सगळ्या बाजूंनी कड टेकल्याचा बारीक टक् असा आवाज आला पाहिजे.

---

फिटर अण्णा

भट्टीवाले यांनी बोल्टचा विषय काढला, म्हणून एवढेच जोडतो. पोलोला बोल्ट १२० न्यूटन-मीटरला, समोरासमोरच्या क्रमाने, दोन टप्प्यांत आवळावेत, आणि पन्नासेक किलोमीटर गाडी चालल्यावर टॉर्क पान्याने पुन्हा तपासावेत. मूळ बोल्टची टेकणारी बाजू गोल असते. बाहेरच्या अलॉयसाठी मिळणारे तिरक्या बैठकीचे बोल्ट यांत मिसळू नयेत. बोल्टवरच्या टोप्या सर्वांत शेवटी, तपासणी झाल्यावरच लावाव्यात.

---

रत्नांग्रीकर (प्रश्नकर्ता)

मागचे चाक गाडी पुढेमागे घेताच सुटले आणि कॅपही कोमट पाण्यानंतर पाइपने निघाली. तिन्ही कॅप शाबूत आहेत. मागे एबीएसची खूण आणि भाग क्रमांक दोन्ही स्पष्ट वाचता येतात, त्यामुळे चौथी त्यावरूनच मागवतो आहे. मास्किंगच्या तिन्ही जागा लिहून घेतलेली पावती घेऊन चाके सोमवारी कोटिंगला देईन.